औषध एकच, किडे मात्र अनेक: ग्रान चाकोतील डेल्टामेथ्रिन घरफवारणीचे परीक्षण

हे परीक्षण एका मोफत सरकारी सेवेचे आहे. अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पॅराग्वे या देशांत पसरलेल्या ग्रान चाको नावाच्या उष्ण, कोरड्या आणि काटेरी झुडपांच्या मुलुखात आरोग्य खात्याची पथके मातीच्या घरांत येतात आणि चागास रोग पसरवणारे किडे मारण्यासाठी भिंतींवर डेल्टामेथ्रिन फवारून जातात. मी मूळचा विदर्भातला. हिवतापाच्या घरफवारणीत उमेदवारी केली आणि पुढे कीटकशास्त्राच्या निमित्ताने अर्जेंटिनाच्या साल्ता आणि चाको या प्रांतांत अशा पथकांबरोबर दोन हंगाम हिंडलो. ज्या पथकाच्या कामाबद्दल मला तक्रार आहे त्याचे नाव मी घेणार नाही, कारण ती माणसे उन्हातान्हात मनापासून राबत होती, आणि दोष असलाच तर तो गावातला किडा कोणत्या वाणाचा आहे हे न पाहता सगळीकडे तेच औषध पाठवणाऱ्या पद्धतीचा होता.

तिकडे या किड्याला विंचुका म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव ट्रायटोमा इन्फेस्टन्स. तो आपल्या ढेकणाच्याच गणातला आहे, पण पूर्ण वाढ झालेला विंचुका अंगठ्याच्या पेराएवढा भरतो आणि त्याला पंख असतात. दिवसा तो भिंतीच्या भेगांत, खाटेच्या सांध्यांत आणि छपराच्या गवतात दडून बसतो आणि रात्री खाली उतरून झोपलेल्या माणसाचे, कुत्र्याचे किंवा कोंबडीचे रक्त पितो. चावा बहुधा कळतही नाही. रोग चाव्यातून होत नाही. रक्त पिताना किडा तिथेच विष्ठा टाकतो, तीत ट्रिपॅनोसोमा क्रुझी नावाचे परजीवी असतात, आणि झोपेत खाजवताना ते जखमेतून किंवा डोळ्यातून शरीरात शिरतात. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातील लासान्स या गावी कार्लोस चागास यांनी 1909 मध्ये हे सारे उलगडले, आणि विशेष म्हणजे त्यांना परजीवी आधी किड्यात सापडला, रोगी माणूस नंतर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आज 70 लाखांहून अधिक लोकांना हा संसर्ग आहे आणि दरवर्षी 10,000 हून अधिक माणसे त्याने दगावतात. पुष्कळांना संसर्गानंतर दहा-वीस वर्षांनी हृदय मोठे झाल्याचे कळते, तोवर औषधाचा फारसा उपयोग उरलेला नसतो. प्रतिबंधक लस नाही. म्हणून किडा घरातून हाकलणे हाच मुख्य उपाय, आणि म्हणूनच या फवारणीची पारख कसोशीने व्हायला हवी. (या किड्याचा एक भाऊबंद, ट्रायटोमा रुब्रोफॅसिआटा, भारतातही उंदरांच्या आसपास आढळतो, परंतु आपल्याकडे किड्यांमार्फत चागास पसरत नाही.)

आता प्रत्यक्ष सेवेबद्दल. पथक सकाळी येते. घरातली खाटा-गाठोडी, पिठाचा डबा, पाण्याची भांडी आणि मरियमची तसबीर असे सगळे अंगणात काढावे लागते, आणि या कामी पथकातली माणसे स्वतः हात लावतात, ही गोष्ट मला फार आवडली. फवारणीआधी एक जण विजेरी घेऊन भिंती तपासतो. भेगांत टेट्रामेथ्रिनचा सौम्य फवारा मारला की त्रासलेले किडे बाहेर येतात, ते चिमट्याने पकडून कुपीत टाकले जातात. किडे दिसले नाहीत तरी भिंतीवरून खाली ओघळलेले काळे-पांढरे डाग, म्हणजे त्यांची विष्ठा, सगळे सांगून जातात. मग पंपात हवा भरून फवाऱ्याचे टोक भिंतीपासून हातभर अंतरावर धरून वरून खाली आणि खालून वर अशा पट्ट्या ओढल्या जातात. प्रमाण दर चौरस मीटरला 25 मिलिग्रॅम. औषधाला उग्र वास नसतो, भिंतीवर डाग पडत नाहीत, आणि भिंत वाळली की घर लावून संध्याकाळी तिथेच झोपता येते. हिवतापाच्या कामात डीडीटीचे पांढरे पट्टे भिंतीवर पाहून तोंड फिरवणाऱ्या घरमालकिणी मी पाहिल्या आहेत. त्या मानाने इथे लोकांचे सहकार्य पुष्कळ मिळते, आणि त्यामागे औषधाचा हा सौम्यपणा आहे. वापरण्याच्या सोयीला मी पूर्ण गुण देतो.

कामगिरीचा इतिहासही मोठा आहे. डीडीटी या किड्यांवर चालत नव्हते. 1940 च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलमध्ये बीएचसी हे दुसरे कीटकनाशक वापरून पाहिले गेले आणि त्याचा उपयोग झाला, पण वास उग्र आणि फवारण्या वारंवार कराव्या लागत. पुढे पायरेथ्रॉइड गटातली औषधे आली, डेल्टामेथ्रिन त्यांतलेच, आणि चित्र पालटले. 1991 मध्ये अर्जेंटिना, बोलिव्हिया, ब्राझील, चिली, पॅराग्वे आणि उरुग्वे या सहा देशांनी मिळून विंचुका घरांतून हद्दपार करण्याचा संकल्प सोडला. उरुग्वेला 1997 मध्ये, चिलीला 1999 मध्ये आणि ब्राझीलला 2006 मध्ये या किड्यामार्फत होणारा प्रसार थांबल्याचा दाखला मिळाला. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात किड्याशी लढून इतके स्वच्छ यश क्वचितच मिळते, आणि ते या औषधाचे आणि पंप पाठीवर घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या कामगारांचे आहे.

मग तेच औषध, तेच प्रमाण आणि तसाच पंप असताना चाकोत ते का अडखळले? या प्रश्नाचे अर्धे उत्तर किड्याच्या जनुकांत आहे.

विंचुकाचे मूळ घर बोलिव्हियातील अँडीज पर्वताच्या दऱ्यांत असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कोचाबांबाच्या परिसरात आजही तो रानात, दगडांच्या ढिगाऱ्यांखाली, रानउंदरांच्या आणि रानटी गिनीपिगांच्या संगतीने राहतो. तिथून तो माणसाच्या मागोमाग, सामानसुमानातून आणि गाठोड्यांतून, दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या सपाट प्रदेशांत उतरला. असा प्रवास मूठभर किड्यांनी होतो, आणि मूठभर किडे मूळ वस्तीतले सगळे जनुकीय वैविध्य सोबत नेऊ शकत नाहीत. मॉंतेव्हिदेओच्या विद्यापीठातील फ्रान्सिस्को पान्सेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या किड्याची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली रंगवून पाहिली, तेव्हा दोन गट स्पष्ट दिसले. अँडीजमधल्या किड्यांच्या बहुतेक गुणसूत्रांवर हेटरोक्रोमॅटिनचे, म्हणजे घट्ट गुंडाळलेल्या डीएनएचे, गडद ठिपके असतात, तर सपाटीवरच्या किड्यांत ते मोजक्याच गुणसूत्रांवर दिसतात, आणि दोन्ही गटांच्या पेशींतील एकूण डीएनएत सुमारे 30 टक्क्यांचा फरक पडतो. जात एकच, पण आतला पसारा इतका वेगळा.

परीक्षणात हे सांगण्याचे कारण असे की उरुग्वे, चिली आणि ब्राझीलमध्ये औषधाची गाठ ज्या किड्यांशी पडली ते दूरच्या प्रवासाने जनुकीय वैविध्य विरळ झालेले, फक्त घरांतच राहणारे किडे होते. त्यांच्यातल्या एखाद्याजवळ औषध पचवण्याची जन्मजात युक्ती असण्याचा संभव कमी, आणि मेल्यावर त्यांची जागा घ्यायला रानात भाऊबंदही नव्हते. बोलिव्हिया आणि चाकोची गोष्ट निराळी. बोलिव्हियात तर ज्या रानटी किड्यांना उभ्या आयुष्यात फवारणीचा स्पर्श झाला नव्हता, त्यांतल्या काही वस्त्यांतही डेल्टामेथ्रिन कमी चालते, असे तपासणीत आढळले आहे. म्हणजे औषधाने केवळ निवड केली. निवडण्याजोगे वैविध्य तिथे आधीपासून होते. विदर्भातल्या कापूस शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही, कारण गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे सोडले तेव्हा त्याने हाच खेळ आपल्या शेतात पाहिला आहे.

पूर्वी तज्ज्ञांचा समज असा होता की विंचुकाची पिढी फार सावकाश वाढते, अंड्यातून निघाल्यावर पाच अवस्था ओलांडून प्रौढ व्हायला त्याला कित्येक महिने लागतात, तेव्हा डासांसारखी प्रतिकारक्षमता त्याच्यात येणार नाही. हा समज खोटा ठरला. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून अर्जेंटिना-बोलिव्हिया सीमेवरच्या वस्त्यांतून तक्रारी येऊ लागल्या, आणि ब्वेनोस आयरेसच्या प्रयोगशाळेत तिथले किडे तपासले तेव्हा त्यांना मारायला नेहमीच्या किड्यांच्या तुलनेत शंभराहून अधिक पट औषध लागते असे दिसले. त्यांतले ठळक ठिकाण म्हणजे साल्ता प्रांतातले साल्व्हादोर माझ्झा हे गाव. ज्या डॉक्टरांनी अर्जेंटिनात चागासच्या रोग्यांसाठी आयुष्य वेचले त्यांचे नाव या गावाला दिले आहे, आणि तिथेच औषधाने हात टेकावेत, हे मला आजही मनाला लागते.

ही प्रतिकारक्षमता एकाच वाटेने आलेली नाही, हे फार महत्त्वाचे आहे. डेल्टामेथ्रिन किड्याच्या मज्जातंतूंतील सोडियम वाहिनीला चिकटून तिचे दार उघडे अडकवून ठेवते, त्यामुळे किडा थरथरून लुळा पडतो. काही वस्त्यांत या वाहिनीच्या प्रथिनातील 1014 व्या स्थानी ल्युसीनऐवजी फेनिलअॅलनीन आले आहे, तर अन्य काही ठिकाणी 925 व्या स्थानी ल्युसीनच्या जागी आयसोल्युसीन. एका अमिनो आम्लाच्या अदलाबदलीने औषधाची पकड सुटते. कुठे किड्याच्या शरीरातील विकरे औषध मोडून टाकतात, तर कुठे त्याच्या कवचावरचा मेणकट थर जाड झाल्याने औषध आत झिरपतच नाही. शेजारच्या दोन गावांत दोन वेगळ्या वाटा असू शकतात, आणि पंपवाल्याला बाहेरून दोन्हीकडचे किडे सारखेच दिसतात.

हे कळण्याची सोपी चाचणी मात्र आहे, आणि ती पाहिल्यावर माझे या सेवेबद्दलचे मत बदलले. गावातून आणलेल्या किड्यांची अंडी उबवून निघालेली, तिळाएवढी, अजून रक्ताची चव न घेतलेली पिल्ले घेतात. अॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या औषधाचा 0.2 मायक्रोलिटरचा थेंब, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल असा ओलावा, बारीक सुईने प्रत्येकाच्या पाठीवर ठेवतात. चोवीस तासांनी पिल्लाला गोल गाळणकागदाच्या मधोमध ठेवायचे. जे चालत कागदाच्या कडेपर्यंत पोचेल ते जिवंत, जे तिथेच पाय झाडत राहील ते मेलेले धरायचे. मी पहिल्यांदा पाहिली ती साल्ताच्या सीमेलगतच्या एका वस्तीतली पिल्ले होती. एक क्षणभर मध्यावर थांबले, मिशा हलवल्या, आणि मग सरळ कडेकडे निघाले. त्याच्यामागोमाग दुसरे. त्या वस्तीतल्या घरांची फवारणी मी स्वतः उभा राहून पाहिली होती, आणि वहीत 'घर पूर्ण फवारले' अशी नोंदही माझ्याच अक्षरात होती. ही चाचणी फवारणीच्या आधी व्हायला हवी होती. झाली असती तर त्या वस्तीत दुसरे औषध पाठवता आले असते, आणि घराघरांत केवळ न मरणाऱ्या किड्यांनाच मागे ठेवण्याचे काम आमच्या हातून झाले नसते. सेवेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे आणि तिचे गुण मी कापतो.

मात्र सगळे खापर जनुकांवर फोडणेही अन्यायाचे होईल. चाकोतले घर म्हणजे केवळ झोपायची खोली नव्हे. अंगणात काटक्यांचा शेळ्यांचा गोठा असतो, कोंबड्यांचे खुराडे असते, विटांचा आणि लाकडांचा ढीग असतो, आणि विंचुका त्या सगळ्यांत राहतो. उघड्यावरच्या काटक्यांवर मारलेले औषध ऊन, पाऊस आणि धूळ यांत लवकर निकामी होते, आणि मातीच्या सच्छिद्र भिंतीतही ते मुरून जाते. शेळ्यांच्या कुंपणात मी हात घातला तेव्हा फवारणीला फार दिवस झाले नव्हते, तरी एका फांदीच्या सालीखाली तीन वेगवेगळ्या अवस्थांतली पिल्ले एकमेकांना चिकटून बसलेली होती. इथेही जनुकीय तपासणीचा व्यावहारिक उपयोग आहे. फवारणीच्या आधीचे आणि नंतरचे किडे यांच्या मायक्रोसॅटेलाइट खुणा, म्हणजे डीएनएत पुन्हा पुन्हा येणारे, नाते सांगणारे छोटे तुकडे, ताडून पाहिल्या की नंतर सापडलेले किडे त्याच अंगणातल्या वाचलेल्यांची संतती आहेत की शेजारच्या वस्तीतून उडून आलेले पाहुणे, हे सांगता येते. अर्जेंटिनातल्या अशा तपासण्यांत पुष्कळदा ते घरचेच निघाले. याचा अर्थ दुसऱ्या फेरीत पथकाने अंगणावर अधिक वेळ द्यायला हवा, पण प्रत्यक्षात दुपार चढली की गोठ्यापर्यंत पोचताना पंपही हलका झालेला असतो आणि माणूसही थकलेला.

तुलनेसाठी मध्य अमेरिकेकडे पाहावे. तिथे ऱ्होडनिअस प्रोलिक्सस हा किडा बाहेरून आलेला, घराबाहेर न राहणारा आणि जनुकीय वैविध्याने अगदी तुटपुंजा होता. फवारणीपुढे तो टिकला नाही, आणि 2008 मध्ये ग्वातेमालाला त्याच्यामार्फत होणारा प्रसार थांबल्याचा दाखला मिळाला. परंतु तिथलाच ट्रायटोमा डिमिडिआटा हा मूळचा रहिवासी, अनेक जनुकीय शाखांत विभागलेला आणि रानातून घरात ये-जा करणारा. त्याच्या घरांवर कितीही फवारा, तो परत येतो. ग्वातेमालाच्या सान कार्लोस विद्यापीठातील कार्लोता मोनरॉय यांच्या गटाने खुतियापा विभागात त्यामुळे वेगळा मार्ग धरला. गावातल्याच मातीचे, वाळूचे आणि चुन्याचे मिश्रण करून भिंती भेगा न पडतील अशा लिंपल्या आणि जमिनी पक्क्या केल्या, की किड्याला दडायलाच जागा उरू नये. माझ्यासाठी हा धडा फार जवळचा होता. गडचिरोलीकडे फवारणी झाल्यावर आम्ही बायकांना विनवायचो, "ताई, आता दोन-अडीच महिने भिंत लिंपू नका, औषध झाकून जाईल." इकडे लिंपणाचा तोच हात किड्याला घराबाहेर ठेवतो. भिंत नीट लिंपलेली असेल तर किड्याच्या सोडियम वाहिनीत कोणता बदल आहे याने काही फरक पडत नाही, आणि म्हणून जनुकीय वैविध्य जिथे जास्त तिथे मी पंपापेक्षा थापीला वरचा क्रमांक देतो.

पर्यायी औषधांबद्दल थोडक्यात. डेल्टामेथ्रिनला दाद न देणारे किडे मॅलॅथिऑनने मरतात, आणि अर्जेंटिनाच्या चाको प्रांतात ते वापरलेही गेले आहे, परंतु त्याचा वास लोकांना सोसत नाही आणि भिंतीवर त्याचा परिणाम कमी टिकतो. ला प्लाता येथील संशोधकांनी ब्युव्हेरिया बॅसिआना या बुरशीचा उपयोग दाखवून दिला आहे. ती कवचातूनच आत शिरते आणि औषधाला न जुमानणाऱ्या किड्यांनाही मारते. प्रयोग आशादायक वाटतो, पण घरोघरी पुरवठा होण्याइतकी ती अजून पुढे आलेली नाही. मला सर्वांत पटला तो कुत्र्यांना गोचीड मारण्यासाठी दिल्या जाणाऱ्या फ्लुरालेनर या गोळीचा मार्ग. गोळी घेतलेल्या कुत्र्याचे रक्त प्यायले की विंचुका मरतो, मग त्याच्या सोडियम वाहिनीत बदल असो वा नसो, कारण हे औषध दुसऱ्याच ठिकाणी काम करते. चाको प्रांतातल्या कास्तेली भागात याची प्रत्यक्ष चाचणी झाली आणि किड्यांची संख्या ठळकपणे घटली. सान्तियागो देल एस्तेरोमधल्या आमामा या वस्तीत रिकार्दो ग्युर्तलर यांच्या गटाने वर्षानुवर्षे केलेल्या नोंदींतून आधीच दिसले होते की झोपायच्या खोलीत कुत्रे असणे हे घरातल्या संसर्गाचे मोठे कारण आहे, आणि खोलीत अंडी उबवणाऱ्या कोंबड्या किड्यांची संख्या वाढवतात. कोंबडीला स्वतःला हा संसर्ग होत नाही, पण किड्यांसाठी ती भरलेले ताट आहे.

तर एवढे सगळे पाहून माझा अभिप्राय असा. ज्या भागातले किडे चाचणीत डेल्टामेथ्रिनने मरतात, तिथे ही सेवा अवश्य घ्यावी, पथकाला सगळे घर आणि सगळे अंगण मोकळे करून द्यावे, आणि दुसऱ्या फेरीसाठी आग्रह धरावा. तिथे मी तिला दहापैकी नऊ देईन. सीमेलगतच्या वस्त्यांत चाचणीविना केलेल्या फवारणीला मात्र तीनच गुण देता येतात, आणि ते पथकाच्या कष्टांसाठी. शासनाने पंपांवर जो खर्च केला त्याचा थोडासा भाग दर हंगामात किड्यांच्या वस्त्या तपासण्यावर केला असता, तर हा फरक गावकऱ्यांना आपल्या अंगावर सोसावा लागला नसता.

त्या वस्तीत मी फवारणीनंतर तिसऱ्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. घरच्या आजींनी मला खाटेशी नेले, उशीखालची चादर दूर केली आणि भिंतीवरचे ताजे काळे डाग बोटाने दाखवले. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही सांगितले होते म्हणून मी भिंतीला हात लावला नव्हता." मी कुपी काढून किडे गोळा केले, त्यांच्यावर घराचा क्रमांक आणि तारीख लिहिली, आणि त्यांना सांगितले की आता भिंत लिंपायला हरकत नाही, नातवाची खाट भिंतीपासून दूर ओढा आणि कुत्र्याला रात्री बाहेर बांधा. दुपारपर्यंत त्यांनी माती भिजवायला घातली होती.